खांब, सूत आणि शीव

दोस्तहो, इतिहास म्हटला की आपल्यापुढं तलवार येते, घोडा येतो, तह येतो. कोणी कोणाला मारलं, मग गादीवर कोण बसलं. पण ज्या जमिनीवर हे सगळे नाचले तिच्यावर रेघ कोणी ओढली? इथपर्यंत तुझं, इथून माझं, आणि तो पलीकडं उभा आहे त्याचं काहीच नाही, हे ठरलं त्या दिवशी दोरी कोणाच्या हातात होती, दगड कोणाच्या डोक्यावर होता? पंडितांच्या ग्रंथात याचं उत्तर शोधायला गेलो तर पानंच्या पानं कोरी. म्हणून मी लिहायला बसलो. सूतगिरणीतला कामगार आहे. पदवी नाही. सुट्टीच्या दिवशी कुंपणाचे खांब रोवायच्या कामाला जातो, रातपाळी सुटली की वाचतो. एवढंच भांडवल.

आमच्या गावाचं नावच एका रेघेवरून पडलं. अमरावती जिल्ह्यात धामणगाव एकच नाही. तिकडं अचलपूरकडं धामणगाव गढी आहे. त्यांच्या नावात गढी, आमच्या नावात रेल्वे. भुसावळहून निघालेली जीआयपीची लाईन १८६७ साली नागपूरला पोचली, ती आमच्यावरून. त्याआधी इथं पांदणी होत्या, बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या. पांदण कधी सरळ जात नाही. ती नाल्याला मान देते, आंब्याच्या झाडाला वळसा घालते, पाटलाच्या मळ्याला भिऊन बाजूनं जाते. रूळ कोणाला मान देत नाही. गोऱ्याला वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर आणि तिथून मँचेस्टरला न्यायचा होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर साऱ्या जगाचा डोळा पडला. मग यवतमाळकडच्या गाड्या सुमारे ४५ किलोमीटर चालून धामणगावच्या ठेसनावर कापूस ओतू लागल्या. जिन आले, प्रेस आले, अडते आले, आणि बोंडातून सरकी काढायला आमची माणसं आली.

आता कुंपणाकडं येतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी भाषणं केली असतील, मोर्चे काढले असतील. खांब किती जणांनी रोवले? म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुढचा इतिहास समजायला हे लागेल.

मला हे काम आबाजीनं शिकवलं. आबाजी म्हणजे माझा आजा. त्याचं पहिलं वाक्य असं, "पयले दोन टोकं पाह्य. मंधातलं मंग." पहिला खांब आणि शेवटचा खांब आधी रोवायचा. दोन्ही ओळंब्यानं उभे करायचे, पक्के ठोकायचे, तिरपा टेका द्यायचा, कारण पुढं तारेचा सगळा ताण त्या दोघांवर येतो. मग त्या दोघांमध्ये दोरी ताणायची. गवंडी तिला सूत म्हणतो. गिरणीतही सूत आणि धुऱ्यावरही सूत, माझ्या नशिबात सूत लिहिलेलं आहे असं मी गमतीनं म्हणतो. पण दोन्हीकडं गोष्ट तीच आहे. ताण ढिला पडला की माल बिघडतो.

मधला खांब सुताला टेकवायचा नाही, हे नवशिक्याला कळत नाही. एक खांब सुताला टेकला, त्यानं सूत केसभर ढकललं, पुढचा त्या ढकललेल्या सुताला टेकला, आणि शेवटी पाहावं तर रांगेला पोट आलेलं. सूत आणि खांब यांच्यात बोटभर फट ठेवायची, प्रत्येक खांबाला तेवढीच. वारा असला तर लांब सूत धनुष्यासारखं वाकतं. तेव्हा सुतावर विसंबायचं नाही. पहिल्या खांबामागं जाऊन एक डोळा मिटून पाहायचं. रांग सरळ असली तर एकच खांब दिसतो, बाकीचे सगळे त्याच्यामागं लपतात. एखादा डोकं काढून दिसला की ओरडायचं, "तीन नंबर, थोडा उजवीकडं!"

आणखी एक चूक फार होते. माणूस मागच्या खांबाकडं पाहून पुढचा रोवतो. मागचा बोटभर चुकला असेल तर पुढचा दोन बोटं चुकतो, त्याच्या पुढचा वीतभर. प्रत्येक वेळी वाटतं की सरळच आहे, मागच्यासारखंच तर आहे. तीस खांब झाल्यावर कळतं की आपण शेजाऱ्याच्या वावरात उभे आहोत. आबाजी म्हणे, "मांगच्याकडं नोको पाहू, टोकाकडं पाह्य." आपल्या समाजाच्या राजकारणाकडं पाहताना मला हे वाक्य कैकदा आठवतं. असो.

मध्ये उंचवटा आला, इकडच्या टोकावरून तिकडचं टोक दिसत नाही, तर काय करायचं? दोन माणसं उंचवट्यावर काठ्या घेऊन उभी राहतात, तोंडं एकमेकांकडं, मध्ये थोडं अंतर. इकडचा माणूस समोरच्याच्या काठीवरून लांबचं टोक पाहतो आणि त्याला हातानं रांगेत आणतो. मग तो याच्या काठीवरून उलटं टोक पाहतो आणि याला सरकवतो. असं चार-पाच वेळा केलं की दोघंही आपोआप रेघेवर येतात. कोणत्याही एकट्याला पूर्ण रेघ दिसलेली नसते. सरकारी मोजणीतही हीच रीत चालते, पुस्तकात तिला मोठं नाव आहे.

आणि माती. आमची काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, भेगेत हात जातो. तिच्यात वरवर रोवलेला खांब दोन पावसाळ्यात झिंगतो. म्हणून सब्बल मारत मारत खाली मुरूम लागेपर्यंत जायचं. बाभळीचा किंवा सागाचा खांब असला तर खालचं टोक जाळून काळं करायचं किंवा डांबर लावायचं, नाहीतर वाळवी खाते. आता सिमेंटचे खांब आले. रोही आणि डुकरं इतकी माजली आहेत की कुंपणाशिवाय चण्याचं पीक घरी येत नाही. कोणी झटका मशीन लावतो. पण खांब रोवणारा हात तोच आहे, जिथं होता तिथंच.

आता मागं जाऊ या, जेव्हा तारही नव्हती आणि नकाशाही नव्हता.

तेव्हा शीव होती. गावाची शीव म्हणजे अमकं झाड, तमका नाला, शेंदूर फासलेला दगड. आणि हे सगळं लक्षात ठेवणारा एक माणूस. तो माणूस म्हणजे आपला बाप, आपला आजा, गावचा महार. गाव तिथं महारवाडा अशी म्हण उगाच नाही. दोन गावांचा शिवेवरून तंटा लागला की पाटील-कुळकर्ण्यांच्या बरोबरीनं महाराची साक्ष लागायची, पुष्कळदा तीच शेवटची. शीव चालून दाखवायचं दिव्य असायचं. कुठं डोक्यावर मातीचं ढेकूळ, कुठं अंगावर जनावराचं ओलं कातडं घेऊन माणसानं शीव चालायची. तो चालला ती हद्द. नंतर ठरलेल्या मुदतीत त्याच्यावर किंवा त्याच्या घरावर काही संकट आलं तर तो खोटं चालला असं धरायचं.

जरा विचार करा. ज्याचा स्पर्श चालत नाही त्याचं पाऊल चालतं. ज्याला गावात जागा नाही त्याला गाव कुठं संपतं हे सगळ्यांत जास्त ठाऊक. आणि यात चमत्कार काहीच नाही. ज्याला तुम्ही काठावर बसवलं त्याला काठ पाठ होणारच. आपल्यातले काही लोक याचा मोठा अभिमान सांगतात, बेदरच्या बादशहानं बावन्न हक्क दिले, अमृतनाकाची कथा सांगतात. कथा मीही ऐकली, लहानपणी आवडली. पण दोस्तहो, बावन्न हक्कांत मेलेल्या ढोराचं कातडं होतं, खळ्यावरचं उरलंसुरलं होतं, वावर नव्हतं. जो साऱ्या शिवाराची हद्द सांगतो त्याची स्वतःची हद्द म्हणजे झोपडीची भिंत, असा तो मान होता.

भिंतीवरून चोखोबा आठवतो. परंपरा त्याचं जन्मगाव मेहुणाराजा सांगते, ते बुलढाण्यात, म्हणजे आपल्याच वऱ्हाडात. त्याचा मृत्यू मंगळवेढ्याचा. गावाचं कूस बांधायचं काम चाललं होतं. वेठीला महार लावलेले. कूस ढासळलं आणि त्याखाली चोखोबा आणि त्याच्याबरोबरची माणसं गाडली गेली. साल १३३८ सांगतात. कीर्तनकार पुढची गोष्ट रंगवून सांगतात, हाडांतून विठ्ठल विठ्ठल आवाज आला म्हणतात. माझं लक्ष त्या आधीच्या गोष्टीवर अडकतं. जे कूस तो बांधत होता ते पुरं झाल्यावर तो त्याच्या बाहेरच राहणार होता. गावकुसाबाहेरच्या माणसानं गावकूस बांधायचं, आणि त्याखालीच मरायचं. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण, या विषयावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. अस्पृश्य गावाबाहेर का राहतो, हा प्रश्नच त्या ग्रंथाच्या मुळाशी आहे. लोक म्हणत होते की गावानं त्याला बाहेर काढलं. बाबासाहेबांनी विचारलं, तो आत कधी होता काय? त्यांनी वाताहत झालेल्या माणसांचा सिद्धांत मांडला. टोळ्या फुटल्या, हरलेली माणसं स्थिर झालेल्या गावांच्या काठावर राखणदार म्हणून बसली. सिद्धांत पटो न पटो, बोट त्यांनी नेमकं रेघेवर ठेवलं.

मापाचं थोडक्यात सांगतो. राजे लोकांना शीव नको होती, क्षेत्रफळ हवं होतं, कारण सारा क्षेत्रफळावर बसतो. अकबराच्या वेळी तोडरमलानं मोजणीची दोरी बदलली. तागाची दोरी ओली झाली की आखडते आणि वाळली की लांबते, म्हणजे दहिवरात मोजलं तर एक माप आणि दुपारी मोजलं तर दुसरं. त्यानं लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूची जरीब आणली. शिवाजी महाराजांच्या काळात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. दोरी, बांबू, काठी, काहीही असो, एक टोक सरकारच्या माणसानं धरायचं आणि दुसरं टोक गावच्या माणसानं. दुसऱ्या टोकाचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.

मग इंग्रज आला, आणि रेघेला वेड लागलं.

१८०२ साली मद्रासच्या सेंट थॉमस टेकडीजवळ लॅम्बटन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं पोलादी साखळी जमिनीवर अंथरली आणि तिथून त्रिकोणावर त्रिकोण रचत तो उत्तरेकडं निघाला. साखळी १०० फुटांची, अडीच-अडीच फुटांच्या ४० कड्यांची. अर्ध्या टनाचं थिओडोलाईट माणसांच्या खांद्यावरून. वीस वर्षं हे चाललं. नागपूरकडं जाता जाता २० जानेवारी १८२३ ला तो हिंगणघाटला मेला. हिंगणघाट म्हणजे आमच्या वर्धा नदीच्या पलीकडं, फार लांब नाही. पुढं एव्हरेस्टनं ती रेघ आपल्या वऱ्हाडातून, अमरावती-अचलपूरच्या पट्ट्यातून, वर नेली आणि ती हिमालयाच्या पायथ्याशी पोचली. त्याच्या नावाचा डोंगर जगाला माहीत आहे. टेकडीवर निशाण धरून उन्हात उभा राहिलेला, रात्री दिवा सांभाळणारा, तापानं मेलेला खलाशी कोण होता? उंचवट्यावरून रांग धरायची वर सांगितलेली रीत आठवा. निशाण धरणारा नसेल तर दुर्बिणीतून आभाळ दिसतं, बाकी काही नाही.

ती रेघ आभाळातून गेली. वावरात उतरली ती दुसरी रेघ. १८३५-३६ च्या सुमारास पुण्याकडं इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नवी मोजणी सुरू केली. निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि १८६१ पासून तीच मुंबईची पद्धत वऱ्हाडात आली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. आज आपण तोंडानं गुंठा गुंठा म्हणतो तो त्या लोखंडी साखळीचा पोरगा आहे. प्रत्येक वावराला नंबर पडला. कोपऱ्याकोपऱ्यावर दगड आणि मातीचे उंचवटे आले. हद्दीची निशाणी मोडली तर दंड. ही पद्धत एवढी टिकली की आजचा सात-बारा त्याच नंबरांवर उभा आहे.

यात आपल्या माणसाचं काय झालं? माझं मत असं की त्या दिवशी त्याची आठवण सरकारनं काढून घेतली आणि दगडात गाडली. शीव दाखवायला त्यालाच पुढं केलं. तो चालला, मोजणीदारानं कागदावर रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर त्याच्या साक्षीची गरज उरली नाही. उरलं काय? दगड वाहणं, निशाण धरणं, साहेबाच्या तंबूला लाकडं आणि पाणी, घोड्याला गवत. हक्काची शीव गेली, शिवेचं ओझं राहिलं.

आमच्या घरात एक गोष्ट चालत आलेली आहे. आबाजीचा बाप गावचा कामदार होता. पैमाशीवाला आला की साखळीचं एक टोक त्याच्याकडं. दुसऱ्या टोकाला पाटलाचा गडी. तो गडी साखळी हातातून हातात घेत नसे. पणज्यानं टोक जमिनीवर ठेवायचं, चार पावलं मागं व्हायचं, मग गड्यानं उचलायचं. लोखंडातून विटाळ येतो म्हणे. आबाजी हे सांगताना हसायचा. "साखडी तं एकच व्हती लेका. मंधात तुटली व्हती काय?" या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

कुंपणाचीही मोठी वेडं या देशानं पाहिली. मिठाच्या चोरीला आळा घालायला इंग्रजांनी जकातीची रेघ आखली होती. १८६९ च्या सुमाराला ती २३०० मैल लांब होती आणि तिच्यावर जवळजवळ १२००० माणसं पहाऱ्याला होती. तिच्या बऱ्याच भागावर बाभूळ, बोर, निवडुंग, करवंद लावून जिवंत काटेरी कुपाटी वाढवली, वायव्येकडून थेट बऱ्हाणपुरापर्यंत. बऱ्हाणपूर म्हणजे वऱ्हाडाचं दारच. गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी एवढं काटेरी जंगल! काँग्रेसचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो ह्यूम या कुपाटीचा एक मोठा अधिकारी होता, हे शाळेत सांगत नाहीत. १८७९ साली ती रेघ बंद झाली. तोवर तिकडं अमेरिकेत १८७४ साली ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं होतं. झाड लावा, पाणी घाला, वाढण्याची वाट पाहा, ही कटकट संपली. खांब रोवा, तार ताणा, झालं. त्या तारेनं तिथल्या मूळ रहिवाशांची मोकळी माळरानं कशी बंद केली हा दुसरा लेख होईल. इकडं १८९० च्या रेल्वे कायद्यात लाईनीच्या हद्दीच्या खुणा आणि कुंपणाचं कलम आलं. रेल्वेच्या कडेनं जुने रूळ कापून रोवलेले खांब दिसतात, ते पाहा कधी. शंभर वर्षांचा खांबही मान वाकवत नाही, कारण खाली खोल आहे.

आता वतनाचं. बाबासाहेब १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात उभे राहिले आणि १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक त्यांनी मांडलं. महाराला दिवस-रात्र कामाला जुंपायचं, मोबदला म्हणून एक तुटपुंजी जमीन आणि दारोदारचं बलुतं, तेही गावाच्या मर्जीवर. तो सरकारचा नोकर असेल तर सरकारनं पगार द्यावा, नसेल तर त्याला मोकळं करावं, जमीन त्याच्या नावानं पूर्ण साऱ्यावर करून द्यावी, अशी सरळ मागणी होती. विधेयक पुढं गेलं नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ वतनं संपवणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. मध्ये तीस वर्षं. आणि त्या आधी दोन वर्षं, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या मैदानावर लाखोंनी वेशीवरची जागाच सोडली होती. आमच्या ठेसनावरून गाड्या भरभरून गेल्या, असं आबाजी सांगे. त्याच दिवसापासून त्याच्या बापानं गावचं ढोर ओढणं बंद केलं.

वेस सोडली, पण वावर मिळालं नाही. वऱ्हाडात गावची चराऊ आणि पडीक सरकारी जमीन असते तिला ई-क्लास म्हणतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखोंनी माणसं तुरुंगात गेली, मागणी एकच, पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. त्या हवेत आपल्या माणसांनी ठिकठिकाणी ई-क्लास वाहायला घेतली. दगड वेचले, बाभळी खणल्या, ज्वारी पेरली. २८ नोव्हेंबर १९९१ ला शासनाचा निर्णय निघाला की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अशी अतिक्रमणं नियमानुकूल करावी. शेवटची तारीख पाहिली? बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात. तारीख मोठी, पण कामाला पुरावा लागतो. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं पंजाबच्या एका प्रकरणात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं. निकाल धनदांडग्यांच्या बळकावणुकीवर होता, भूमिहीनाला पट्टा दिलेला असेल तिथं त्यात अपवादही आहे. पण गावात नोटीस पहिली कोणाच्या दारावर चिकटते ते तुम्ही जाणता.

आमच्या वस्तीतल्या पाच घरांचा असाच एक तुकडा आहे. कडेला एका मोठ्या शेतकऱ्याचं वावर. दरवर्षी नांगरताना त्याचा एक तास आमच्याकडं सरकतो. याला धुरा कोरणं म्हणतात. एका वर्षी वीतभर जमीन गेली तर कोण भांडणार? ‘जाऊ दे’ म्हणतो. पण हिशोब करा. वीत म्हणजे ९ इंच. चाळीस वर्षांत ३० फूट. धुरा १० साखळ्या लांब, म्हणजे ३३० फूट, तर गेले ९९०० चौरस फूट. नऊ गुंठे! एकही खांब उपटला नाही, शिवी दिली नाही, पोलिसात नोंद नाही. मागच्या वर्षीच्या तासाकडं पाहून यंदाचा तास घातला, एवढंच. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोन जुने दगड शोधले. एक नाल्याच्या काठावर होता, तो कोणी हलवला नव्हता. दुसरा बोरीच्या जाळीत मातीखाली दोन हात गेलेला. सब्बल ठण्णकन वाजली तेव्हा पाचही घरची माणसं धावत आली. दोन टोकं मिळाली. सूत ताणलं. रेघ त्याच्या तुरीच्या ओळींमधून गेली. तो म्हणाला, दगड कोण मानतो? आम्ही खांब रोवले नाहीत. मोजणीचा अर्ज केला.

म्हणून हे शेवटचं कामाचं सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावी असंच असेल. दगड सापडला तर त्याला हात लावू नका, उकरून सरळही करू नका. हद्दीची निशाणी हलवणं गुन्हा आहे आणि समोरचा तेवढंच शोधत असतो. पंचांसमोर फोटो काढा, नाल्यापासून आणि रस्त्यापासून त्याचं अंतर लिहून ठेवा. तलाठ्याकडं अतिक्रमणाची नोंदवही असते, गाव नमुना एक-ई, तिच्यातली आपल्या बापाची नोंद मागा. दंडाच्या पावत्या फेकू नका. दंड भरला त्या वर्षी आपण त्या जमिनीवर होतो, याची ती सरकारनंच दिलेली साक्ष आहे. आपल्या नावावरची किंवा पट्ट्याची जमीन कोणी बळकावली तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा आहे, हे ठाण्यात तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज होतो. मोजणीदार आता रोव्हर घेऊन येतो, उपग्रहावरून बिंदू काढतो, पण मिळवतो तो जुन्या नकाशाशीच. म्हणून जुन्या टिपणाची नक्कल आधी काढा आणि ती वाचायला शिका. टिपणावर फूट नसतात, साखळी आणि आणे असतात. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. ७ साखळी ४ आणे लिहिलं असेल तर ते २३९ फूट ३ इंच होतात. स्वतः टेप धरून पाहा, एक जण इकडं, एक जण तिकडं.

आणि तारीख उन्हाळ्यातली मागा. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत खांबही रुततो आणि मोजणीदारही.